सिगारेटच्या पाकिटावरील आरोग्य-इशारे (भारत)

धूम्रपानाच्या धोक्याची, कायद्याने सक्तीची केलेली छापील सूचना. 1975 च्या सिगारेट कायद्याने ‘वैधानिक इशारा’ पाकिटावर आणला. पण बारीक टायपातली ती ओळ निरक्षराला निरुपयोगी होती आणि रोज पाहणाऱ्याच्या नजरेत भरेनाशी झाली होती. 31 मे 2009 पासून चित्रे आली, तीही फक्त दर्शनी बाजूच्या 40 टक्के भागावर. 1 एप्रिल 2016 पासून दोन्ही बाजूंचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये हा नियम रद्द ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार, इशारा पाहून सिगारेट सोडण्याचा विचार केलेल्यांचे प्रमाण 2009-10 मध्ये 38 टक्के होते, ते 2016-17 मध्ये 62 टक्के झाले. विडी ओढणाऱ्यांत ते 29 वरून 54 वर गेले. हा फरक मोठा आहे. मात्र विचार येणे म्हणजे व्यसन सुटणे नव्हे. निकोटिनची ओढ चित्राच्या भीतीपेक्षा चिवट असते. शिवाय टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही, म्हणून इशाऱ्याची खरी गळती तिथे आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली.

सप्टेंबर 2018 पासून पाकिटावर व्यसनमुक्तीसाठी मोफत दूरध्वनी क्रमांकही छापला जातो : 1800-11-2356.