एकाची भूक, हजारांची भूक

भाईंदरच्या मिठागरात उन्हात राबणारा मजूर आणि भाईंदरहूनच चर्चगेट लोकल पकडणारा कारकून यांची भूक सारखी नसते. गरिबी मोजायची तर मात्र कुठेतरी एक रेघ ओढावीच लागते. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ती माणशी रोज २२५० उष्मांकांवर ओढली. १९६०-६१च्या आकड्यांवरून त्यांना दिसलं, की खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले जवळपास निम्मे लोक तिच्याखाली आहेत.

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांना हे पटलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा जन्म, फर्ग्युसनचं शिक्षण, लंडनची डॉक्टरेट आणि रोमच्या अन्न व कृषी संघटनेतली जवळपास वीस वर्षं असा त्यांचा अधिकार. त्यांचं म्हणणं असं, की धडधाकट माणसाचं खाणंही आठवड्यागणिक कमीजास्त होतं आणि शरीर ते सांभाळून घेतं. तेव्हा सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी धरू नये. सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करावीत आणि त्याखालच्यालाच उपाशी म्हणावं. रेघ अशी खाली सरकली, की उपाशी माणसांचा आकडा झपाट्याने घटतो.

दांडेकरांनी कडाडून विरोध केला. गरिबाचं ताट नेहमीच अपुरं असतं, त्याला शरीराची लवचीकता कशी म्हणणार? पोषणतज्ज्ञ सी. गोपालनही सुखात्म्यांच्या विरोधात उभे राहिले. दांडेकरांचंच पारडं जड वाटतं.

दांडेकर १९९५ साली गेले, सुखात्मे जानेवारी १९९७मध्ये. ज्या चढउतारावरून ते भांडले, तो चित्रात दाखवू शकणारा जेरी हिंट्झ आणि रे नेल्सन यांचा व्हायोलिन आलेख आला तो त्यानंतर, १९९८ साली, अमेरिकेत. त्याआधीच्या, जॉन टुकी यांच्या बॉक्स प्लॉटमधून, म्हणजे पेटीच्या आलेखातून, मध्यगा आणि चतुर्थकं कळतात. पण आकड्यांचे दोन वेगळे घोळके असले, तरी पेटी एकच दिसते. हिंट्झ-नेल्सन यांनी त्या पेटीच्या दोन्ही अंगांना घनतेची वक्ररेषा काढली. आकडे दाटले तिथे आकृती फुगते, विरळ झाले तिथे बारीक होते. आज ‘आर’ किंवा पायथन या संगणकभाषांमध्ये हे एका ओळीचं काम आहे.

मात्र एका माणसाच्या वर्षभराच्या जेवणाचं व्हायोलिन आणि हजार माणसांच्या एका दिवसाचं व्हायोलिन हुबेहूब सारखी निघू शकतात. दांडेकर-सुखात्मे वाद नेमका इथेच होता. म्हणून खर्चानुसार लोकांचे थर पाडून प्रत्येक थराच्या खाण्याचं व्हायोलिन वेगळं काढून शेजारी शेजारी मांडायला हवं. सर्वांत गरीब थराची अख्खी आकृतीच इतरांपेक्षा खाली उतरलेली दिसली, तर तो आठवड्यागणिकचा चढउतार म्हणून सोडून देता येणार नाही.