अचानक रागाची सवलत

खून केला हे मान्य, पण समोरच्याने डिवचलं म्हणून केला, असं सांगून फाशी चुकवता येणं ही इंग्लंडच्या कायद्यातली सोय कमरेला तलवार लावून फिरणाऱ्या पुरुषांच्या काळातली. १७०७ साली सरन्यायाधीश लॉर्ड होल्ट यांच्यापुढे मॉग्रिजचा खटला आला. लंडनच्या टॉवरमधल्या बैठकीत बाचाबाची झाली, मॉग्रिजने कोप नावाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर बाटली भिरकावली आणि तलवार उपसून त्याला ठार केलं. होल्ट यांनी तो खूनच ठरवला. मात्र कुठला राग गुन्हा सौम्य करतो, तेही सांगून ठेवलं: कुणी नाक ओढलं, मित्रावर हल्ला झाला, एखाद्या इंग्रजाला बेकायदा डांबलं, किंवा बायको परपुरुषाबरोबर सापडली. हे शेवटचं तर त्यांच्या लेखी मालमत्तेवरचं सर्वांत मोठं अतिक्रमण होतं. इथे मालमत्ता म्हणजे बायको. या पायावर पुढची तीनशे वर्षं न्याय उभा राहिला, याची मला चीड येते.

१९४९ साली डफी खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्युरीला सांगितलं की स्वतःवरचा ताबा अचानक आणि तेवढ्यापुरता सुटलेला हवा. आरोपी होती नवऱ्याचा मार खाल्लेली बाई; नवरा अंथरुणात असताना तिने त्याला मारलं होतं. ती खुनी ठरली. अंगबळाने कमी असलेला माणूस समोरासमोर उसळत नाही, संधीची वाट पाहतो, हे या अटीत बसतच नव्हतं.

किरणजित अहलुवालिया यांचंही तेच झालं. दहा वर्षं छळ सोसून १९८९ साली त्यांनी झोपलेल्या नवऱ्याच्या पलंगावर पेट्रोल ओतून आग लावली. जन्मठेप झाली. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या महिला संघटनेने लढा उभारला. १९९२ साली अपील मंजूर झालं, पण प्रक्षोभाच्या, म्हणजे डिवचलं गेल्याच्या, मुद्द्यावर नव्हे. मनोविकाराच्या नव्या पुराव्यावर. फेरखटल्यात शिक्षा ठरली ती भोगून झाली होती तेवढीच.

अखेर २००९ च्या कायद्याने प्रक्षोभाचा जुना बचाव मोडीत काढला. २०१० पासून ताबा अचानकच सुटायला हवा असं नाही, हिंसेची गंभीर भीतीही कारण धरली जाते, आणि जोडीदाराची बेइमानी एवढंच कारण पुरत नाही.

आपल्याकडे ही सवलत १८६० च्या दंड संहितेतून आली. मुंबईच्या नानावटी खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने, बायकोने परपुरुषाशी संबंधांची कबुली दिल्यापासून नानावटीने त्या पुरुषाला गोळ्या घालेपर्यंत तीनेक तास गेले म्हणून ती नाकारली. २०२३ च्या न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही गंभीर आणि अचानक प्रक्षोभाची अट कायम आहे.