हलका गेमिंग माउस

हलका गेमिंग माउस हे संगणकावरील खेळांसाठी, विशेषतः नेमबाजीच्या व वेगवान हालचालींच्या खेळांसाठी, कमी वजनात बनवलेले उपकरण आहे. ‘हलका’ या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नाही. सामान्यतः तारेचे वजन वगळता सुमारे ८० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे माउस या वर्गात धरले जातात. ६० ग्रॅमच्या आसपासच्या किंवा त्याहून कमी वजनाच्या माउसना ‘अतिहलके’ म्हटले जाते. भारतात साधारणपणे दोन हजार रुपयांपर्यंतचे गेमिंग माउस किफायतशीर समजले जातात. या किमतीत माउसची उपयुक्तता जाहिरातीतील डीपीआयच्या आकड्यापेक्षा त्याचा आकार, वजन व कळांची गुणवत्ता यांवर अधिक अवलंबून असते.

इतिहास

संगणकाच्या माउसची कल्पना अमेरिकी अभियंता डग्लस एंगेलबार्ट यांची होती. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास त्याचा पहिला नमुना तयार केला. त्याचे कवच लाकडी होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे अनेक वर्षे प्रचलित असलेल्या माउसमध्ये रबराचे आवरण असलेला जड गोळा असे. १९९९ नंतर प्रकाशीय सेन्सरचे माउस रुळले आणि गोळ्याची गरज संपली.

आरंभीच्या गेमिंग माउसमध्ये वजन कमी करण्याकडे कल नव्हता. जड माउस अधिक स्थिर राहतो, अशी समजूत होती. २००५ मधील लॉजिटेक जी ५ या माउससोबत तर वजन वाढवण्यासाठी लहान वजने दिली जात. २०१८ मध्ये आलेला लॉजिटेक जी प्रो वायरलेस बिनतारी असूनही ८० ग्रॅमचा होता. २०१९ मध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेल्या कवचाचा ६७ ग्रॅमचा ग्लोरियस मॉडेल ओ आणि ६९ ग्रॅमचा रेझर वायपर हे माउस आले. त्यानंतर हलकेपणा हा या उत्पादनांचा प्रमुख निकष बनला.

वजनाचे महत्त्व

एखादी वस्तू गतिमान करण्यासाठी व थांबवण्यासाठी लागणारे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. नेमबाजीच्या खेळांत अचूकतेसाठी अनेक खेळाडू संवेदनशीलता कमी ठेवतात. त्यामुळे हात दूरवर फिरवावा लागतो आणि माउस वारंवार उचलून पुन्हा मधोमध आणावा लागतो. माउस हलका असल्यास हे श्रम कमी होतात.

जाहिरातीतील वजन तपासून घ्यावे लागते. तारेच्या माउसचे वजन बहुधा तार वगळून दिलेले असते, तर बिनतारी माउसचे वजन काही वेळा बॅटरी वगळून दिलेले असते. एका एए अल्कलाइन सेलचे वजन सुमारे २३ ग्रॅम, तर एएए सेलचे सुमारे १२ ग्रॅम असते. उदाहरणार्थ, लॉजिटेक जी ३०४ हा बिनतारी माउस सेलसह ९९ ग्रॅम भरतो, तर तारेचा जी १०२ हा ८५ ग्रॅमचा आहे. त्यामुळे कमी खर्चात हलका माउस हवा असल्यास तारेचा माउस सहसा अधिक सोयीचा ठरतो. मात्र त्याची तार मऊ व लवचीक असावी लागते. ताठ तार माउसला ओढते आणि हलकेपणाचा लाभ कमी करते.

आकार व पकड

माउस धरण्याच्या तीन मुख्य पद्धती मानल्या जातात.

पाम ग्रिप: संपूर्ण तळहात माउसवर टेकलेला असतो. या पकडीला लांब व मागे उंचवटा असलेला माउस मानवतो.

क्लॉ ग्रिप: तळहाताचा मागचा भाग टेकलेला व बोटे पंजाप्रमाणे वाकलेली असतात. मध्यम आकाराचा माउस यासाठी योग्य ठरतो.

फिंगरटिप ग्रिप: माउसला फक्त बोटांची टोके लागतात. या पकडीला लहान व हलका माउस सोयीचा असतो.

हाताची लांबी मनगटावरील रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. रुंदी अंगठा वगळून चार बोटांच्या मुळाशी मोजतात. माउसची लांबी हाताच्या लांबीच्या सुमारे ६० टक्के असावी, असा एक ढोबळ नियम प्रचलित आहे. १९० मिलिमीटर लांबीच्या हातासाठी हे माप सुमारे ११४ मिलिमीटर येते. पाम ग्रिपसाठी याहून लांब माउस चालतो. डावखुऱ्या व्यक्तींनी दोन्ही बाजू सारख्या असलेला आकार पाहावा. तरीही अशा अनेक माउसच्या बाजूच्या कळा डाव्या अंगालाच असतात आणि त्या उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी योजलेल्या असतात.

सेन्सर व डीपीआय

माउस एक इंच सरकवल्यावर सेन्सर किती टप्पे नोंदवतो, हे डीपीआयमधून कळते. पडद्याची रुंदी १९२० पिक्सेल असेल व प्रत्येक टप्प्याला निर्देशक एक पिक्सेल सरकत असेल, तर ८०० डीपीआयला पडदा ओलांडण्यासाठी माउस सुमारे ६ सेंटिमीटर हलवावा लागतो. १६,००० डीपीआयला केवळ ३ मिलिमीटर. इतक्या सूक्ष्म हालचालीवर हाताचे नियंत्रण राहत नाही. म्हणूनच अनेक व्यावसायिक खेळाडू ४०० ते १६०० डीपीआय वापरतात आणि मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजणे फारसे लाभाचे नसते.

पोलिंग रेट म्हणजे माउस संगणकाला दर सेकंदास किती वेळा माहिती पाठवतो ती संख्या. १२५ हर्ट्झला दोन नोंदींतील अंतर ८ मिलिसेकंद, तर १००० हर्ट्झला १ मिलिसेकंद असते. १००० हर्ट्झची सोय किफायतशीर माउसमध्येही मिळते.

टिकाऊपणा

कळेखालील स्विचचे संपर्कबिंदू झिजल्यास किंवा गंजल्यास एकदा दाबूनही दोनदा क्लिक होते. छिद्रांच्या कवचातून धूळ, घाम व ओलावा आत जाऊ शकतो. त्यामुळे कोकणपट्टीसारख्या दमट हवेच्या भागात बंद कवचाचा माउस अधिक सुरक्षित असतो. अतिस्वस्त माउसचे कवच बाजूंनी दाबल्यास करकरते किंवा आत दबून कळ चालू होते. खरेदीनंतर ही तपासणी लगेच करणे इष्ट असते.

खरेदी व ग्राहकहक्क

संगणक-साहित्यासाठी मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, प्रसिद्ध आहे. मात्र रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यातील नेरे यांसारख्या गावांतून केवळ माउस हाताळून पाहण्यासाठी तेथवर जाणे प्रत्येकाला परवडत नाही. ऑनलाइन खरेदीत हाताचे माप हाच मोठा आधार उरतो. विक्रेत्याने दिलेली लांबी व रुंदी पुठ्ठ्यावर आखून त्यावर हात ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो. माल परत करण्याची मुदत व वॉरंटीच्या अटी आधी वाचणेही आवश्यक असते.

वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक वा आयातदाराचे नाव व पत्ता, तसेच तक्रारीसाठी संपर्क असणे बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशाचे नावही असावे लागते. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.

आरोग्य

हलका माउस श्रम कमी करतो; चुकीची बैठक सुधारत नाही. मनगट वर वाकलेले राहिल्यास किंवा आकारामुळे बोटे आखडल्यास दीर्घ वापरानंतर वेदना होऊ शकतात. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटात वारंवार मुंग्या येणे किंवा बधिरपणा जाणवणे हे कार्पल टनेल सिंड्रोमचे लक्षण असू शकते. अशा वेळी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. कोपर टेकेल अशी मेजाची उंची, सरळ मनगट आणि ठरावीक अंतराने विश्रांती यांमुळे हातावरील ताण कमी होतो.