सोलकढीची साक्ष

मराठी जेवणाशी वाइनचं जमत नाही, हे मत हल्ली कुणी वाद न घालताच मान्य करतं. नेरूळ, वाशी, बेलापूरच्या घरांत मी ते वाइन पिणाऱ्यांकडूनही ऐकलं आहे. दिवाळीपासून एकतीस डिसेंबरपर्यंतच्या भेटी याच समजुतीवर ठरतात. भेट द्यायची तर विलायती रेड, सोबत चीजचा डबा आणि खारी बिस्किटं. नाशिक-अकलूजची बाटली घरच्या घरी ठीक, पण पाहुण्याच्या हातात द्यायला संकोच वाटतो. आणि ती उघडायची झालीच, तर त्या दिवशी स्वयंपाकघरात पास्ता शिजतो.

या मताचा पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. मसाल्यापुढे द्राक्षाचा नाजूक गंध टिकत नाही, हा पहिला मुद्दा. वाइन ज्या प्रदेशांत वाढली तिथल्या जेवणाबरोबरच ती घडली, म्हणून तिची सोबत चीज आणि ऑलिव्हशी, हा दुसरा. आपल्याकडची वाइन जेमतेम दोन पिढ्यांची, तिला भेटीची प्रतिष्ठा कुठून येणार, हा तिसरा. मी स्वतः बरीच वर्षं हे मानत होतो.

माझं मत फिरलं ते एका फसलेल्या जेवणानंतर. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्याकडे जिताड्याचं कालवण होतं. दिवाळे कोळीवाड्यातून आणलेला मासा, आगरी मसाला, चिंचेचा कोळ, तांदळाची भाकरी. भेट आलेली परदेशी रेड आम्ही कपाटातून काढून तशीच उघडली. पहिल्याच घोटाला तोंड कोरडं पडलं, तिखट दुप्पट झालं आणि माशाला एक धातूसारखी चव आली. सगळ्यांनी एका सुरात निकाल दिला: बघा, चालत नाही. मला मात्र तो निकाल रात्रभर टोचत राहिला. एका बाटलीवरून सगळ्या वाइनविषयी आणि एका कालवणावरून सगळ्या मराठी जेवणाविषयी आम्ही व्याप्ती बांधली होती. न्यायशास्त्रात असल्या हेतूला सव्यभिचारी म्हणतात. तो साध्य असेल तिथे सापडतो, आणि नसेल तिथेही.

त्या ताटात नेमकं काय झालं ते पाहू. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चेतवतं, तोच ग्राही उष्णतेलाही जागा होतो. म्हणून तिखट खाल्लं की तोंड पोळतं. अल्कोहोल या ग्राहीला आणखी हळवं करतं. त्यामुळे साडेचौदा टक्क्यांची वाइन तिखटावर तेल ओतते. रेड वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंड कोरडं करतं. पोळलेल्या तोंडाला ते अधिकच बोचतं. माशाच्या त्या धातूसारख्या चवीचंही कारण आहे. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की रेड वाइनमधल्या लोहामुळे माशाबरोबर नकोशी मासट चव तयार होते. म्हणजे दोष होता तो जास्त अल्कोहोल, टॅनिन आणि लोह यांचा. चिंच, नारळ, धणे, तांदूळ यांच्याविरुद्ध एकही पुरावा त्या रात्री मिळाला नव्हता.

इथे भाषेचा एक मुद्दा आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'स्पायसी जेवणाला वाइन चालत नाही' हा नियम इंग्रजीतून आला. इंग्रजीत स्पायसी हा शब्द तिखटालाही चालतो आणि मसालेदारालाही. आपल्याकडे तिखट वेगळं आणि मसालेदार वेगळं, हे सात वर्षांच्या मुलालाही कळतं. वाशीच्या मसाला मार्केटात फिरा. बेडगी मिरची रंगासाठी घेतात, लवंगी तिखटपणासाठी, आणि शेजारच्या पोत्यांत धणे, दगडफूल, दालचिनी, जायपत्री असतात. त्यांत तिखटपणाचा लवलेश नाही. वाइनशी भांडण आहे ते तिखटाचं, तेही विशिष्ट वाइनशी. मसाल्याचा गंध आणि वाइनचा गंध एकमेकांचे वैरी नाहीत. आपण आपला बारकावा सोडून उसना ढोबळ शब्द उचलला आणि त्याच्यासोबत त्याचा नियमही.

आता मंडन. सोबतीचं शास्त्र आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, ही माझी प्रतिज्ञा, आणि साक्षीदार सोलकढी. तिखट माशाच्या ताटाशेजारी एक गार, आंबट, गुलाबी पेय असावं, हे कोकणाने कधीच ठरवून ठेवलं आहे. कोकमाचं आम्ल तेल कापतं, नारळाचं दूध तिखट शमवतं, आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. गार रोझे किंवा किंचित गोडसर शेनिन ब्लांक ताटाशेजारी हेच काम दुसऱ्या वाटेने करते: आम्लाने तेल कापायचं, जराशा गोडीने तिखट निववायचं. पुरणपोळीला कटाची आमटी, पिठल्याला कांदा, वरणभाताला लिंबू, हे सगळं त्याच विचाराचं आहे. चिंचेविषयी एक गोष्ट कळली तेव्हा मला फार आनंद झाला. द्राक्षाला त्याचं द्राक्षपण देणारं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक, आणि चिंचेचा आंबटपणाही मुख्यतः त्याच आम्लाचा. जिताड्याच्या कालवणात चिंचेचा कोळ पडतो तेव्हा त्या ताटात वाइनचं आम्ल आधीच आलेलं असतं. आम्ही त्याच्यासमोर चुकीची बाटली ठेवली होती, इतकंच.

वाइन परकी, या मुद्द्याचं उत्तर मला आमच्या खाडीच्या तोंडाशीच सापडतं. उरणच्या समोर घारापुरी. तिच्या किनाऱ्यावर रोमन बनावटीच्या अँफोरांची खापरं मिळाली आहेत, आणि या कुंभांतून येणाऱ्या मालात वाइन असे. कौटिलीय अर्थशास्त्रातल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासूनच्या मद्याला मधु म्हटलं आहे आणि त्याचे प्रकार प्रदेशावरून सांगितले आहेत, कापिशायन आणि हारहूरक. ते प्रदेश वायव्येकडचे होते, महाराष्ट्रातले नव्हेत, हे मान्य. पण बाटलीला मुलखाचं नाव देण्याची रीत फ्रान्सची मिरासदारी नाही. आणि परकेपणाचीच कसोटी लावायची, तर आधी मिरचीला ताटातून उठवावं लागेल. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. द्राक्ष चरकसंहितेतही आहे.

आजच्या वाइनचं वय कमी आहे, यात शंका नाही. नारायणगावजवळ शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फसफसती 'ओमर खय्याम' तयार केली आणि ती युरोपात गेली. राजीव सामंत यांनी १९९९मध्ये नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ सुला उभी केली आणि शेनिन ब्लांक, सॉव्हिन्यॉं ब्लांक लोकांपर्यंत पोहोचवल्या. २००१मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं. अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशी तीन घराण्यांची भावंडं एकत्र आली आणि फ्रातेल्ली झाली. त्या नावाचा अर्थच भाऊ. २०१३मध्ये शाँपेनची शांदों दिंडोरीत आली. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकनही आहे.

पण भेट देणाऱ्याने जाणून घ्यावी अशी खरी गोष्ट वेलीची आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपली झोपत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. पीक दुसऱ्या छाटणीवर घ्यायचं आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. थंड रात्री आणि कोरडे दिवस यांत मणी पिकतो. याचा परिणाम डिसेंबरच्या दुकानात दिसतो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या द्राक्षांची व्हाइट तेव्हा दहा महिन्यांची असते, म्हणजे ऐन बहरात. 'जितकी जुनी तितकी चांगली' हे अशा वाइनला लागू पडत नाही. उन्हाळाभर गरम कपाटात उभी राहिलेली बाटली मानाने दिली, तर आपण शिळं वाढतो आहोत.

किमतीचाही एक भ्रम दूर करायला हवा. परदेशी वाइनवर अनेक वर्षं दीडशे टक्के मूळ सीमाशुल्क होतं, त्यावर राज्याचे कर वेगळे. करार होत गेले तसं काही देशांसाठी ते कमी होत आहे. तरी आजवर दोन हजारांच्या विलायती बाटलीत किती वाइन आणि किती कर दिला, याचा हिशेब देणाऱ्याने केलेला नसतो. ज्या देशात ती रोजच्या जेवणाची साधी बाटली आहे, तिथलीच ती इथे खास म्हणून भेट जाते. त्याच पैशात नाशिक-अकलूजच्या उत्तम श्रेणीतली वाइन येते.

मग काय द्यावं, काय वाढावं? मी गेली दोन वर्षं घरी करून पाहिलं तेवढंच सांगतो. तांदळाच्या पिठात घोळवून तळलेल्या कुरकुरीत बोंबलाला फसफसती ब्रूट. बुडबुडे आणि आम्ल तेल उचलून नेतात, आणि बोंबलाचं मऊ, पाणीदार मांस तिच्याखाली दबत नाही. दिवाळीच्या चकलीलाही तीच. चिंचेच्या कालवणाला गोडसर शेनिन, चांगली गार. काळ्या वाटणाच्या मटणाला अकलूजची सांजोवेझे, पण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून. रेड 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा नियम युरोपातल्या गार घरांचा, सोळा-अठरा अंशांचा. आमच्या पामबीच रोडवरच्या खोलीत डिसेंबरातही दुपारी तीस अंशांच्या आसपास असतं.

सगळ्यात सुंदर जुळलं ते पोपटीशी. पनवेल-अलिबागकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा आणि मीठ रचतात, मडकं उपडं करून भोवती जाळ लावतात. पाण्याचा थेंब नाही. मडकं फुटायच्या बेताला उघडलं, की धुराचा, ओल्या पाल्याचा आणि ओव्याचा मिळून जो वास येतो, तो सॉव्हिन्यॉं ब्लांकच्या हिरव्या, गवताळ गंधाला ओळखीचा वाटावा असा आहे. गेल्या जानेवारीत पनवेलच्या एका शेतावर आम्ही ती स्टीलच्या पेल्यांतून प्यायलो. चीजची आठवणही कुणाला झाली नाही. चुलीशी बसलेले सत्तरीचे काका, आयुष्यभर ताडीच प्यायलेले, दोन घोट घेऊन म्हणाले, "ही शेंगांवरच बरी लागते." यापेक्षा नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

जिथे जमत नाही तिथेही बोलतो. ठेचा आणि कैरीचं लोणचं यांपुढे कुठलीच वाइन टिकत नाही. पुरणपोळीला साधी वाइन आंबट लागते, कारण ताटातल्या गोडापेक्षा वाइन गोड असावी लागते. तिथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन हवी. आणि सोलकढी असेल तेव्हा वाइन नको. एका कामाला दोघी कशाला?

माझ्याच बाजूच्या लोकांचं एक म्हणणंही मला खोडायचं आहे. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं. तेव्हा मोठा विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्या वादात वाइन म्हणजे दारूच नव्हे, असं समर्थकांनी ठासून सांगितलं. हे खोटं आहे. बारा-तेरा टक्के अल्कोहोल म्हणजे अल्कोहोलच, आणि वर मी जी तिखटाची फोड केली तीही त्याच्याचमुळे आहे. शेतकऱ्याच्या नावानेही फार ओढाताण करू नये. राज्यातली बहुतेक द्राक्षं खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातात. स्थानिक वाइनची बाजू चवीच्या बळावर लढता येते, तिला औषध किंवा पुण्यकर्म म्हणून विकायची गरज नाही.

म्हणून भेट देताना आधी घर पाहावं. खारघरच्या रहिवाशांनी आपल्या वस्तीत दारूची दुकानं नकोत म्हणून वर्षानुवर्षं चळवळ चालवली. त्यामागे सोसलेली कारणं आहेत, आणि अशा घरात बाटली नेणं हा अपमान आहे. जिथे चालते तिथे मी यंदा त्याच वर्षीची शेनिन आणि अर्धा किलो भाजणी नेणार आहे, बाटलीच्या गळ्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी: तीन तास फ्रीजमध्ये, चकल्या तळताना उघडा. जिथे चालत नाही तिथे सांगलीचे बेदाणे. तेही द्राक्षच, आणि मानांकन त्यालाही आहे.