अल्कोहोल मार्कर : रंगभरण आणि छायांकन

अल्कोहोलात विरघळलेले रंजक नमद्याच्या किंवा ब्रशसारख्या टोकातून कागदावर उतरवणारे रंगसाधन. नमद्याच्या टोकाचा ‘मॅजिक मार्कर’ अमेरिकेत सिडनी रोझेन्थाल यांनी 1953 मध्ये बाजारात आणला. जपानच्या टू कंपनीचा ‘कॉपिक’ 1987 चा. त्याच्या शाईने झेरॉक्सची काळी रेघ विरघळत नाही, म्हणून आराखडे रंगवणाऱ्या डिझायनरांना तो सोयीचा वाटला. पुढे तो मांगा (जपानी चित्रकथा) काढणाऱ्या चित्रकारांच्या हाती गेला. आज कॉपिकमध्ये साडेतीनशेहून अधिक रंग मिळतात आणि शिकणाऱ्याची दिशाभूल इथेच सुरू होते. मार्कर शिकणे म्हणजे जवळचे रंग वाढवणे, असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात हे माध्यम आधी उजेड-अंधाराची पायरी ओळखायला लावते. रंगाचा प्रश्न त्यानंतरचा.

याचे कारण शाईच्या स्वभावात आहे. शाई पारदर्शक असते, त्यामुळे फिक्यावर गडद चढते, गडदावर फिके कधीच चढत नाही. कागदाचा पांढरा भाग हाच सर्वांत उजळ रंग; तो एकदा झाकला गेला की पांढरा जेल पेन किंवा अपारदर्शक पांढरा रंग घेऊन डागडुजी करावी लागते. त्याच मार्करचा दुसरा हात दिला तर छटा थोडी गडद होते, पण दोन-तीन थरांनंतर कागद आणखी गडद व्हायचे नाकारतो. म्हणजे एका पेनात सावलीची एखादी पायरीच असते. अल्कोहोल झटकन उडून जाते. पाण्याने कागद फुगतो तसा तो इथे फुगत नाही, पोपडे निघत नाहीत. मात्र दोन छटा एकमेकींत मिसळायच्या तर पहिली ओली असतानाच दुसरी लावावी लागते, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखडते. म्हणून उजेड कुठून येतो आणि सावली कुठे थांबते, हे टोपण उघडण्याआधीच ठरलेले असावे लागते.

कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या विद्यार्थ्याकडे या ज्ञानाचा निम्मा भाग शाळेतूनच आलेला असतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र यांची तयारी करताना जलरंगाचा पातळ हात, फिक्याकडून गडदाकडे जाणे, पांढरे राखून ठेवणे हे सगळे गिरवले जाते. मार्करचा क्रमही तोच. उलटा क्रम पाहायचा असेल तर याच जिल्ह्यातील औंधला जावे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रे आहेत. तैलरंगात दागिन्यावरची चमक शेवटी, सुकलेल्या गडद रंगावर ठेवता येते. मार्करवाल्याला तीच चमक पहिल्याच मिनिटाला कोरी सोडावी लागते. आधी मनात सावल्या लावण्याची ही सक्ती जाचक वाटते खरी, पण शिकवण्याचे काम तीच करते.

सराव राखाडीपासून सुरू करावा, असे म्हणण्याचा आधार हाच. कॉपिकच्या सांकेतिक क्रमांकात अक्षर रंगकुळ सांगते, पहिला अंक रंग किती तेजदार की किती मळलेला ते सांगतो आणि शेवटचा अंक गडदपणा. राखाड्यांची थंड, तटस्थ, उबदार अशी वेगवेगळी कुळे आहेत. उबदार राखाडीतले 1, 3, 5 आणि 7 एवढे चार पेन घेऊन मलकापूरच्या शेजारचा आगाशिवचा डोंगर रंगवायला बसावे. तिथली बौद्ध लेणी म्हणजे छायांकनाचा तयार पाठ: उन्हातला कातळ कोरा कागद किंवा 1, कडेने वळणारी बाजू 3, दरवाजाच्या चौकटीची सावली 5 आणि आतला अंधार 7. त्या अंधाराची कड धारदार ठेवायची, कातळाची वळती बाजू मात्र ओल्यात ओले लावून विरघळवायची. कुठे कड ठेवायची आणि कुठे मोडायची, हा निर्णय शंभर रंगांचा संचही करून देत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मार्करची खरी शान गुळगुळीत मिश्रणात आहे आणि शिकणाऱ्याने आधी तेच साधावे. मराठी नजरेला गुळगुळीतपणाचे वेड जुने आहे. रघुवीर मुळगावकर (1918–1976) यांनी एअरब्रशने रंगवलेली देवादिकांची कांती कॅलेंडरांमधून घरोघर पोहोचली. पण त्या चित्रांत गाल गोल दिसतो तो उजेड-सावलीची मांडणी नेमकी असल्यामुळे. ती मांडणी फसली असती तर फवारा कितीही तलम असूनही चेहरा सपाटच राहिला असता. मार्करमध्ये उलट, दोन छटांमध्ये थोडी रेघ राहिली तरी आकार टिकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राखाडीवर रंग चढवला की तो मळतो. हे खरे आहे, पिवळ्याच्या बाबतीत तर फारच. सांगलीच्या हळदीचा ढीग रंगवताना खाली राखाडी घातली तर हिरवट डाग पडतो; तिथे सावलीला गेरू किंवा तपकिरीच हवा. निळा, जांभळा, मातकट रंग मात्र सुकलेल्या राखाडीवर हलक्या हाताने लावले तर चांगले बसतात. घासत राहिले तर नव्या हाताचे अल्कोहोल खालची शाई पुन्हा सोडवते. म्हणजे राखाडी हा सगळ्या रंगांचा पाया नव्हे. तिचा उपयोग डोळा तयार करण्यापुरता. पिवळ्याची सावली तपकिरीत शोधतानाही मोजायची असते ती गडदपणाची तीच पायरी.

खर्चाबद्दलची तक्रार रास्त आहे, पण ती मोठ्या संचाला लागू पडते. चार राखाड्या, एक रंगहीन ब्लेंडर आणि अल्कोहोलने न विरघळणाऱ्या शाईचा काळा पेन एवढ्यावर काही महिने सराव चालतो. पैसे कागदावर खर्च करावेत: साध्या वहीच्या कागदात शाई फुटते, रेघेबाहेर पसरते आणि मागच्या पानावर उतरते. गुळगुळीत, घट्ट कागद घ्यावा, खाली एक जादा पान ठेवावे आणि खोलीची खिडकी उघडी असावी. रंजकांचे रंग उजेडाने उडतात, म्हणून पूर्ण झालेले चित्र लगेच स्कॅन करून घ्यावे आणि मूळ प्रत उन्हाच्या भिंतीवर न टांगता फाइलमध्ये ठेवावी.