आर्चीचा नियम

आर्चीचा नियम हे खडकाच्या विद्युत रोधकतेवरून त्याच्या छिद्रांतील पाण्याचे प्रमाण, म्हणजेच जलसंपृक्तता, काढण्याचे प्रायोगिक सूत्र आहे. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या साठ्यांचे आकारमान ठरविण्यासाठी ते वापरतात. अमेरिकन अभियंता गस आर्ची (१९०७–१९७८) यांनी शेल कंपनीत काम करीत असताना ते मांडले. त्यांचा शोधनिबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला.

तत्त्व

वालुकाश्म, चुनखडक इत्यादी खडकांतील बहुतेक खनिजे विद्युत प्रवाह जवळजवळ वाहून नेत नाहीत. खनिज तेल व वायू हेही दुर्वाहकच असतात. छिद्रांतील खारे पाणी मात्र त्यातील आयनांमुळे सुवाहक असते. त्यामुळे खडकातून जाणारा प्रवाह मुख्यतः पाण्याच्या मार्गानेच जातो. छिद्रांत पाण्याची जागा तेलाने घेतली की हा मार्ग अरुंद व वळणावळणाचा होतो आणि रोधकता वाढते. ही वाढ मोजून उरलेल्या पाण्याचा अंदाज करता येतो.

इतिहास

तेलविहिरीतील खडकांची रोधकता खोलीनुसार नोंदविण्याचा पहिला प्रयोग ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे झाला. कॉनराड व मार्सेल श्लुंबर्जे या बंधूंनी विकसित केलेली ही पद्धत लवकरच अनेक देशांत पसरली. तथापि अशा आलेखांवरून तेलाचा थर ओळखता आला, तरी त्यातील तेलाचे प्रमाण सांगणारे सर्वमान्य सूत्र नव्हते. आर्ची यांनी मेक्सिकोच्या आखाताच्या किनारी प्रदेशातील वालुकाश्मांचे नमुने खाऱ्या पाण्याने पूर्ण भरून त्यांची रोधकता मोजली. तेल व पाणी एकत्र असताना काय घडते, हे त्यांनी इतर संशोधकांनी आधी केलेल्या मोजमापांवरून ठरविले.

सूत्र

नियमाचे दोन भाग आहेत.

१. पाण्याने पूर्ण भरलेल्या खडकाची रोधकता व त्या पाण्याची रोधकता यांच्या गुणोत्तरास शैलसमूह गुणक म्हणतात.

शैलसमूह गुणक = १ ÷ (सच्छिद्रता)^म

येथे ‘म’ हा संयोजन घातांक होय. आर्ची यांना तो सुट्या वाळूसाठी सुमारे १.३ व घट्ट वालुकाश्मांसाठी १.८ ते २.० आढळला. पुढे इतर संशोधकांनी अंशस्थानी १ ऐवजी खडकानुसार बदलणारा स्थिरांक वापरला.

२. तेल असलेल्या खडकाची प्रत्यक्ष रोधकता पाण्याने पूर्ण भरलेल्या त्याच खडकाच्या रोधकतेच्या जितकी पट असते, त्यावरून संपृक्तता मिळते.

(जलसंपृक्तता)^न = पाण्याने भरलेल्या खडकाची रोधकता ÷ प्रत्यक्ष रोधकता

‘न’ हा संपृक्तता घातांक असून सामान्यतः तो २ धरतात.

उदाहरण

एका वालुकाश्माची सच्छिद्रता ०.२०, पाण्याची रोधकता ०.०५ ओहम-मीटर व विहिरीत मोजलेली रोधकता २० ओहम-मीटर आहे असे मानू. दोन्ही घातांक २ घेतल्यास शैलसमूह गुणक २५ येतो आणि पाण्याने भरलेल्या खडकाची रोधकता १.२५ ओहम-मीटर होते. १.२५ ला २० ने भागून वर्गमूळ घेतल्यास ०.२५ मिळतात. म्हणजे छिद्रांच्या २५ टक्के जागेत पाणी व उरलेल्या ७५ टक्के जागेत तेल किंवा वायू आहे.

अचूकता व मर्यादा

उत्तर गृहीत घातांकांवर फार अवलंबून असते. वरील उदाहरणात ‘म’ २.३ घेतल्यास जलसंपृक्तता सुमारे ३२ टक्के होते, तर ‘म’ २ ठेवून ‘न’ ४ घेतल्यास ती ५० टक्के होते. म्हणजे त्याच मोजमापांवरून तेलाचे प्रमाण ७५ ऐवजी ५० टक्केच ठरते. ज्या खडकांच्या कणांना पाण्याऐवजी तेल चिकटून राहते, त्यांत ‘न’ २ पेक्षा बराच अधिक असू शकतो. म्हणून खडकाच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत हे घातांक मोजून घेतात.

हा नियम मुळात मृत्तिकारहित वालुकाश्मांसाठी आहे. मृत्तिका खनिजांच्या पृष्ठभागाजवळील आयनही प्रवाह वाहून नेतात. त्यामुळे रोधकता घटते आणि नियम पाण्याचे प्रमाण वास्तवापेक्षा अधिक दाखवतो. परिणामी तेल असलेला थर पाण्याचा समजून सोडून दिला जाण्याचा धोका असतो. अशा खडकांसाठी वॅक्समन व स्मिट्स यांनी १९६८ मध्ये सुधारित सूत्र मांडले. शिवाय, वेधन करताना वापरलेल्या चिखलातील पाणी विहिरीलगतच्या खडकात शिरते. म्हणून विहिरीपासून दूरवरची रोधकता मोजणारी उपकरणे वापरावी लागतात. तापमान वाढले की पाण्याची रोधकता कमी होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

चुनखडकांतील उपयोग

चुनखडकांत छिद्रांची रचना वालुकाश्मांपेक्षा अधिक गुंतागुंतीची असते. विरघळून झालेल्या सुट्या पोकळ्या असल्यास ‘म’ २ पेक्षा वाढतो, तर भेगा असल्यास तो कमी होतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडे अरबी समुद्रात १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील प्रमुख तेलसाठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे. अशा साठ्यांत सर्वत्र एकच घातांक गृहीत न धरता छिद्रांच्या प्रकारानुसार तो ठरविणे आवश्यक असते.