घरच्यांसाठी कुलूप

इ. स. 79 चा वसंत. पाँपेईतल्या एका सधन घराच्या उंबऱ्यावर तुम्ही उभे आहात. दारावरचा गुलाम तुम्हाला नखशिखान्त न्याहाळतो आणि आत सोडतो. दिवसा पहाऱ्याला तो आहे, रात्री आतून अडसर. कुलपं बघायची तर आत चला.

चौकात भिंतीला लागून एक दणकट पेटी आहे. लाकडाची, वरून लोखंडी पत्र्याने मढवलेली, ब्राँझच्या मुखवट्यांनी सजवलेली. सकाळी मालकाला मुजरा करायला येणाऱ्या आश्रितांच्या ती नजरेत भरायलाच हवी; श्रीमंती लपवायची असती तर ती चौकात कशाला ठेवली असती?

कारभारी गुलाम तुमच्या हातात एक किल्ली ठेवतो. चांगलीच जड. मूठ ब्राँझची, सिंहाच्या मुंडक्याची; आयाळीची एकेक बट कोरलेली, तळहाताला टोचणारी. पुढचा दांडा लोखंडाचा. (म्हणूनच आज संग्रहालयांत बरेचदा नुसते सिंह दिसतात, लोखंड गंजून गेलं.) घाला ती कुलपात. फिरवू नका, ही फिरत नाही. आतल्या खिट्ट्या अडसराच्या भोकांत पडलेल्या आहेत. किल्लीचे दाते खालून त्या भोकांत बसवा, वर उचला. खिट्ट्या वर सरकल्या? आता किल्ली आडवी ओढा, अडसर तिच्यासोबत येतो. खट्!

मालकीणबाईंच्या बोटात अंगठी आहे, तिलाच इवलीशी किल्ली जोडलेली. दागिन्यांच्या डबीची असावी. इथल्या कपड्यांना खिसे नसतात, त्यामुळे ही सोय. शिवाय चारचौघांत मिरवताही येते.

पण किल्ली हाती असणं म्हणजे सत्ता असणं नव्हे. नवरा बायकोला सोडतो तेव्हा आधी किल्ल्या काढून घेतो, अशी जुनी रीत. मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख प्लिनी याने आपल्या ग्रंथात एक जुनी हकीकत नोंदवली आहे: दारूच्या कोठाराच्या किल्ल्या ठेवलेली पेटी उघडली म्हणून एका गृहिणीला घरच्यांनीच उपाशी मारलं. चोर राहिला बाजूला!

गुलामांनी भरलेल्या घरात आता खाण्यापिण्यावरही अंगठीची मोहोर लागते. प्लिनीची कुरकुर अशी, की किल्ल्यांवर मोहोर उठवूनही भागत नाही. झोपलेल्याच्या, मरणाऱ्याच्या बोटातून लोक ती अंगठीच काढून नेतात.